शिडी कुठवर पोहोचते

४ मे, रविवार
टिटवाळ्याला कुंदामावशीकडे. आईची धाकटी बहीण, काका गेल्यापासून एकटीच. नव्या टॉवरमध्ये तेरावा मजला. बाल्कनीतून काळू नदी दिसते, वारा मस्त. चहा पिताना तिने सहज विचारलं, "आग लागली तर मला खाली कोण आणणार गं?"
म्हटलं, अग्निशमन दलाची शिडीची गाडी आहे ना.
"ती इथवर पोहोचते?"
मतदारसंघ माझा, टॉवर माझ्या डोळ्यांदेखत उभे राहिले. तरी हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

१२ मे
विधानसभेत तारांकित प्रश्न टाकला. सावंतांनी (पी.ए.) नेहमीसारखा लांबलचक लिहून आणला. 'शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय' वगैरे. मला एकच विचारायचं होतं, शिडी कुठवर पोहोचते.
"ताई, प्रश्न असा नसतो विचारायचा."
अठरा वर्षं शाळेत भूगोल शिकवला. पोरं असंच विचारायची.

२४ मे, शनि.
फायर स्टेशनला गेले. भोईर म्हणून अधिकारी, इथल्याच गावातले, पन्नाशीचे. शिडीच्या टोकाला माणसं उभी राहतात तो पिंजरा दाखवला. म्हटलं, मलाही वर न्या. सावंत खाली हात जोडून उभे.
वर गेल्यावर खाली यावंसं वाटेना. रुळांच्या कडेने नुसत्या इमारती, खडवलीच्या बाजूला अजून हिरवं. मावशीचा मजला गाठता येईल का, विचारलं.
भोईर म्हणाले, "उंचीचा प्रश्न नाही ताई. गाडी बिल्डिंगजवळ उभी राहायला पाहिजे."
उभी न राहायला काय झालं? म्हणाले, जाऊन बघू.

३१ मे
मावशीच्या सोसायटीत, भोईर बरोबर. मागे दुसऱ्याची भिंत, बाजूला जेमतेम रिक्षा जाईल एवढी वाट. गाडीला जागा एकच, पुढची बाग. आणि बागेच्या खाली पार्किंग. म्हणजे हिरवळ स्लॅबवर.
"गाडीचं वजन पेलेल?"
"कोण जाणे. नाही पेललं तर गाडी खाली जाईल, माणसांसकट."
मग परवानगी मिळाली कशी? नकाशात ही जागा गाडीसाठी मोकळी दाखवली आहे म्हणे. पाहणीला कोण आलं होतं, विचारलं. भोईरांनी पायाने हिरवळ दाबून पाहिली. मग, "मीच. स्लॅब किती पेलतो ते बघून कळत नाही. बिल्डरच्या इंजिनिअरने सांगितलं पेलतो, आम्ही मानलं. तपासायचं कोणी, ते कुठं लिहिलेलंच नाही."
नगररचनेत फोन लावला. ते म्हणतात, अग्निशमनचं काम. अग्निशमन म्हणतं, नगररचनेचं. कोणी खोटं बोलतंय असं वाटलं नाही. हेच जास्त विचित्र.

२० जून
पक्षाच्या प्रतोदांचा फोन. अगदी गोड. "प्रश्न राहू द्या, पण उपप्रश्न कशाला? उत्तर देणारे मंत्री आपलेच." मावशीच्या टॉवरचा बिल्डर आमच्या मेळाव्यात पहिल्या रांगेत असतो, ते बोलले नाहीत. मीही नाही.
सत्ताधारी बाकावरून विचारलेला प्रश्न म्हणजे घरच्यांची तक्रार, असं का धरतात? सरकार आपलं आहे म्हणूनच तर आपण विचारायचं ना...
संध्याकाळी मावशीचा फोन. सोसायटीत बोंबाबोंब. "तुझ्यामुळे फ्लॅटना गिऱ्हाईक मिळणार नाही म्हणतात. लिफ्टमध्ये कोणी बोलत नाही माझ्याशी."
सोडून देऊ का, विचारलं.
"मी तसं म्हटलं का?"

८ जुलै, मंगळ.
प्रश्न आला. छापील उत्तर: शिडीचे वाहन उपलब्ध आहे व ते सुस्थितीत आहे. खरंच आहे. मी चढून आलेय.
प्रतोद माझ्याकडेच बघत होते. उठले. विचारलं, गाडी जिथे उभी राहणार तो स्लॅब किती भार पेलतो, हे तपासायचं काम कोणाचं?
मंत्र्यांनी अधिकाऱ्यांच्या गॅलरीकडे पाहिलं. एक चिठ्ठी आली, मग दुसरी. शेवटी म्हणाले, ज्या अधिकाऱ्याने परवानगी दिली त्याची चौकशी लावू.
बाकं वाजली. माझ्या डोळ्यांसमोर भोईरांचा चेहरा आला. पुन्हा उठले, आवाज थोडा चढलाच. "मी माणसाचं नाव विचारलेलं नाही. काम कोणाचं, ते विचारलंय." विरोधी बाकावरून टाळ्या. त्या नको होत्या.
अध्यक्षांनी प्रश्न राखून ठेवला. मंत्र्यांनी माहिती घेऊन परत यावं म्हणाले. प्रतोद लॉबीत शेजारून गेले, थांबले नाहीत.

१० जुलै
भोईरांकडून खुलासा मागितलाय. मीच फोन केला. म्हटलं, हे व्हायला नको होतं. ते म्हणाले, "ताई, मलाही रोज वाटायचंच, पेलेल का."
स्लॅबची चाचणी करता येते म्हणे, भार ठेवून. पण सोसायटीची परवानगी हवी.

१३ जुलै, रवि.
सोसायटीची सभा. मला बोलवलं होतं, सभासद नाही म्हणून मागच्या खुर्चीवर. अध्यक्ष देशपांडे, बँकेतून निवृत्त, सभ्य माणूस. म्हणाले, "आज आपल्याला माहीत नाही. चाचणीत नापास झालो तर माहीत होईल. मग विकताना सांगावं लागेल."
एकाने मला विचारलं, "मॅडम, पास होईल का?"
म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पेलेलही.
चाचणीच्या बाजूने हात वर करा म्हटल्यावर पहिला मावशीचा. मग तळमजल्यावरच्या एका बाईंचा. तिला कसली भीती, असं कोणीतरी पुटपुटलं. त्या बाई म्हणाल्या, "माझी गाडी त्या स्लॅबच्याच खाली उभी असते." थोडे हसले. आणखी काही हात, अर्धे वर, अर्धे मांडीवर. मोजताना वाद. निर्णय पुढच्या सभेवर.
मावशी गेटपर्यंत पोचवायला आली. एरवी सगळे बागेतून सरळ जातात, फरसबंद वाट आहे. आज सभेतून निघालेले लोक कडेकडेने, भिंतीला धरून चालले होते. हात वर न केलेलेही. देशपांडेही.