ठरावाखालची सही

९ नोव्हेंबर
आमच्या शेतकरी कंपनीच्या राईस मिलची बैठक. सात संचालक, बाई मी एकटी. बॉयलरवाले सुखदेवभाऊ उभ्यानंच बोलले, "सेफ्टी व्हॉल्व्ह अडकून राहिला. दोनदा दुसऱ्या नळानं वाफ सोडली. दोन दिवस मिल बंद ठेवा."
अध्यक्ष दादाजी हसले. "सुखदेव दरसाल भेते. ऐन हंगामात बंद कायले?"
सगळे हसले. मीही. ठराव : दुरुस्ती हंगामानंतर. हात वर करण्याआधी मी दादाजींकडे पाहिलं. काहून पाहिलं?

११ नोव्हें.
सिहोऱ्याहून मुद्दाम तुमसरला, मिलमध्ये. वाफ चढल्यावर सुखदेवभाऊंनी व्हॉल्व्हचा दांडा ओढून दाखवला. हलला नाही.
"ताई, वाफ कोंडून बॉयलर फुटला तर? भिंतीमागंच आठ बाया धान वाळवतेत." एवढंच बोलले.
जेवण गेलं नाही.

१२ नोव्हें.
संचालक मोरेश्वरभाऊंना फोन. "तुमचं बरोबर आहे, वहिनी. पण दादाजीनं कंपनी उभी केली. त्याहीले तोंडावर कसं म्हणू?" आणखी दोघांना विचारलं. तेच उत्तर. फोनवर सगळे माझ्या बाजूचे. प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच.

१४ नोव्हें.
मागणी करून पुन्हा बैठक. म्हटलं, ठराव मागे घ्या.
दादाजी : "इतकी वर्षं मिल चालवून राहिलो, बाई. काही झालं काय?"
"झालं नाही म्हणून होणारच नाही?"
मोरेश्वरभाऊ टेबलाकडे पाहत. फक्त माझा हात वर. तरी इतिवृत्तात 'जुना ठराव सर्वानुमते कायम'. मी सही केली नाही. दादाजींनी आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. मला संचालक त्यांनीच केलं...

१५ नोव्हें.
बॉयलर तपासणी कार्यालयाला तक्रार पाठवली. मग दादाजींच्या घरी जाऊन स्वतः सांगितलं.
"माह्यावर भरोसा नाही राहिला?"
"तुमच्यावर आहे. व्हॉल्व्हवर नाही."
त्यांनी चहा विचारला नाही. घरी हेही बोलत नाहीत.

१७ नोव्हें.
सुखदेवभाऊंनी बॉयलर पेटवायला नकार दिला. आज मिल बंद. दादाजींनी दुसरा माणूस बोलावलाय, उद्या सकाळी पेटवणार. तपासणीवाल्यांचा पत्ता नाही. मला संचालकपदावरून काढायची बैठक मंगळवारी. दुपारी सगळ्या संचालकांना कळवलं, बॉयलर पेटू नये म्हणून उद्या मी मिलच्या फाटकावर उभी राहणार.
संध्याकाळी मोरेश्वरभाऊंचा फोन. "वहिनी, उद्या फाटकावर उभं राहायचं म्हणता? मीही येतो."
आवाज बारीक होता. येतील की नाही, सांगता येत नाही. मी सकाळी सहाला निघते.