शनिवारचा केक टोस्ट

शनिवार, ११ जानेवारी

आजही निकाल नाही. केक टोस्ट हा केक की बिस्किट?

नाओमीमावशी केकच्या बाजूने. "अंडं हाय, लोणी हाय, नावातच केक हाय. आणखी काय पायजे गो तुला, दाखला?" मी बिस्किटाच्या. दुकानात बिस्किटांच्या फळीवर असतो, मोडताना आवाज करतो. मावशीने टोस्ट चहात बुडवला. अर्धा गळून कपाच्या तळाशी! "बघ. भिजला की परत केक."

मी म्हटलं, हा द्विज आहे. पहिला जन्म केकचा. मग कापून पुन्हा भट्टीत, म्हणजे मुंज. मुंज झालेल्याला कोणी बाळ म्हणतं का?

"तुझी आई तुला शेवटपर्यंत बाळच म्हणायची."

उत्तर एसटीत सुचलं, पेण आल्यावर.

सोमवार, १३ जानेवारी

संस्कृतात एम. ए. करून वडखळच्या वाहतूककोंडीची बातमी पाठवली. साप्ताहिकाला माझ्याकडून दुसरं काही नकोच असतं.

शेजारच्या खोलीत नवी मुलगी आलीय. सुरभी, बँकेत आहे. एकटीच. जिन्यात हसते आणि दार लावून घेते. मीही तेच करते.

शनिवार, २५ जानेवारी

मावशीकडे शुक्रवारी सूर्य मावळला की विस्तव बंद, तो शनिवारी मावळेपर्यंत. शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा वार. तिच्या सासूच्या काळी शेजारच्या कृष्णाबाई येऊन चूल पेटवायच्या. आता गॅस मी पेटवते. मावशी आईची शाळेतली मैत्रीण. आई गेली त्याच महिन्यात तिने विचारलं होतं, "शनिवारी येशील का गो? चहावाचून डोकं धरतंय." तेव्हापासून दर शनिवारी पेण–रोहा. माझा एकुलता एक धार्मिक विधी, तोही दुसऱ्यांच्या धर्मातला!

आज तिने टोस्ट बुडवलाच नाही. "शीरा बोलावतेय. इस्रायलला, अश्दोदला, कायमची."

म्हटलं, मुलीची माया ठीक, पण तिकडे सायरन वाजतात त्याचं काय?

"वाजूदेत. इथं दाराची कडी पण वाजत नाय."

शनिवारी वाजते की! — हे मनात. तोंडाने म्हणाले, "ते बिस्किटच आहे."

गुरुवार, ३० जानेवारी

"जाऊ नकोस, मावशी." आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं. परवा म्हणायचं.

शनिवार, १ फेब्रुवारी

म्हटलंच नाही.

लक्षण, अव्याप्ती, अतिव्याप्ती — केक टोस्टावर तर्कशास्त्र ओतलं सगळं. मावशी ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आणखी काय बोलायचंय का तुला?"

"नाही."

"बरं," म्हणाली आणि कप विसळायला उठली.

रविवार, ९ फेब्रुवारी

गेली. खांबहून तिचा भाचा सामाजी गाडी घेऊन आला होता. मावशीने चौकटीला बोटं लावून ओठांना लावली. मग माझ्या हातात केक टोस्टचा पुडा. "केक हाय हां. सांभाळून ने."

मी भांडले नाही. तिने वाट पाहिली असावी.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेले. रोहा गाडी लागली होती. वाहकाने विचारलं, "आज बसायचं नाय काय?" परत आले.

पुडा फोडलेला नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

शीराला फोन केला. मावशी झोपली होती. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, तिथे शनिवारी तिला चहा कोण करून देतं?

"म्हणजे? आईच करते, वृंदाताई."

आणि विस्तव?

शीरा हसली. "ते आजी पाळायची! आजी गेल्यावर आईने कधीच नाही. रोह्यात तर शनिवारी उठल्या उठल्या पहिला गॅस पेटवायची, पोह्यांना. का हो?"

काही नाही, म्हटलं. फोन ठेवला.

मी पोचायचे अकरा वाजता. ओट्यावर एक भांडं नसायचं. शेगडी पुसून लख्ख.

शनिवार, १ मार्च

सकाळी गॅस पेटवून पाहिला. उत्तम चालतो. बंद केला.

शेगडी पुसली. पुडा फोडून बशीत ठेवला. मग जाऊन सुरभीची कडी वाजवली.

"जरा येतेस का गो? माझा गॅस पेटत नाही."