गजराआत्याचं मृत्युपत्र आणि मला न विचारता झालेली माझी नेमणूक

डिंगोरे,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप दादास,

धाकट्या नंदाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (मनात लई राग आहे, पण नमस्कार चुकवायची आपल्या घरात पद्धत नाही). वहिनीचा गुडघा कसा आहे? शिनोलीला गारठा जास्त, तिला पहाटे अंगण झाडायला लावू नकोस. रिटायर मास्तरांनी झाडू धरला म्हणून पेन्शन बंद होत नाही. आमच्याकडे सगळे ठीक. मी ठीक नाही, पण ते पुढे येईलच. फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तीनदा फोन केला, तिन्ही वेळा तू म्हणालास, "मीटिंगमध्ये हाय, मागनं करतो." दादा, तुला रिटायर होऊन चार वर्षं झाली, कसली मीटिंग? म्हणून शेवटी कागद घेतला. पत्र मध्येच कट करता येत नाही.

गजराआत्याच्या दहाव्याला तू आलास, जेवलास आणि दुपारच्या एसटीनं गेलास. खरं रामायण तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी झालं. आत्याची पत्र्याची ट्रंक उघडली, तर लुगड्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्नरच्या रजिस्टर ऑफिसचा शिक्का असलेला कागद. आत्यानं मृत्युपत्र केलेलं! जिनं सत्तर वर्षांत किराणा मालाची यादीसुद्धा तोंडी सांगितली, तिनं! संपतनं (आत्याच्या दिराचा मुलगा, तुला त्याची मोटारसायकल आठवत असेल, माणूस नंतर दिसतो, आवाज आधी येतो) मोठ्यानं वाचायला घेतलं. दोन एकर जमीन पुतण्या संपत याला. इथं त्याचा आवाज खणखणीत होता. एकतीस मेंढरं भागूला, कारण बारा वर्षं तोच ती चारतो. इथं आवाज जरा बसला. रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची बँकेतली ठेव पुतणसून प्राची (संपतचीच बायको) हिला एकटीला, तिच्या नवऱ्यानं त्यात हात घालू नये. इथं आवाज बंदच पडला, पुढचं प्राचीनं वाचलं. शेवटी लिहिलेलं, की हे सगळं ज्याचं त्याला देण्यासाठी व्यवस्थापक म्हणून माझी भाची नंदा हिला नेमते.

मी तेव्हा चहा गाळत होते. निम्मा चहा कपाबाहेर गेला. दादा, मी कधी बचत गटाची सचिवसुद्धा झाले नाही. शिलाई मशीन सोडून आयुष्यात काही चालवलेलं नाही. आणि मला कोणी विचारलं पण नाही! शेजारच्या काकू म्हणाल्या, "व्यवस्थापक म्हंजी मॅनेजर. पगार किती गं?" पगार काही नाही. वाट्याला एक चमचासुद्धा नाही. फक्त काम.

त्याच संध्याकाळी संपत मोबाइल घेऊन आला. त्यात कुणीतरी कोट घातलेला माणूस सांगत होता, की माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेतला जवळजवळ निम्मा हिस्सा सरकार वारसा कर म्हणून घेतं आणि तो भरायची जबाबदारी एक्झिक्युटरची. संपत म्हणाला, "एक्झिक्युटर म्हंजी तूच, ताई. न्हाई भरला तर तुझ्या घरावर टाच." दादा, मी तिथंच बोटांवर हिशेब मांडला. निम्मी मेंढरं सरकारला द्यायची म्हणजे साडेपंधरा. ते अर्धं कुठनं आणायचं? आत्याची पुतळ्यांची माळ मी उशीत शिवून टाकली आणि त्यावर डोकं ठेवून आठ दिवस झोपले (मान अजून डावीकडे वळत नाही). तांब्याचा हंडा शेणींच्या ढिगात ठेवला. संपत म्हणाला, मेंढरं मोजायला साहेब येतील, थोडी इकडंतिकडं करतो. आणि अकरा मेंढरं टेंपोत घालून ओतूरच्या पलीकडं सासुरवाडीला सोडून आला. भागू बिचारा टेंपोमागं चावडीपर्यंत पळत गेला. मला तेव्हा वाटलं, संपत किती आपुलकीनं करतोय. बघ मी केवढी शहाणी!

शेवटी न राहवून जुन्नरला मोहिनी वकिलांकडे गेले. बाई वयानं लहानच, चष्मा डोक्यावर ठेवून शोधत होत्या. मी रडत रडत विचारलं, "सरकार किती घेणार?" त्या म्हणाल्या, "काहीच नाही. आपल्या देशात वारसा कर नाही. पूर्वी होता, पंच्याऐंशी सालीच गेला. तो व्हिडिओ परदेशातला आहे." आठ दिवस मी जो कर भरायला घाबरत होते, तो माझं लग्न व्हायच्या आधीच बंद झालेला! मला हसू येईना, रडू येईना, मी त्यांच्या टेबलावरचं सगळं पाणी पिऊन टाकलं.

पण धक्के संपले म्हणतोस, तर थांब. बँकेत गेले. नॉमिनीची जागा कोरी. साहेब म्हणाले, संपतचा अर्ज आलाय, की काकूचं डोकं ठिकाणावर नव्हतं, मृत्युपत्र खोटं आहे आणि खरा वारस मीच. म्हणजे एकीकडं मला ताई ताई करत मेंढरं हलवायची आणि दुसरीकडं हा अर्ज! आता कोर्टाचं प्रोबेट आणा, मगच ठेव सुटेल. प्रोबेट म्हणजे काय, तर मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का. वकीलबाई म्हणाल्या, आपल्या भागात ते सक्तीचं नाही, पण भांडण आलं की बँक त्याशिवाय हलत नाही. मग त्याची फी, पेपरात नोटीस आणि आत्याच्या मालमत्तेची यादी, चमच्यापासून मेंढरांपर्यंत. मी म्हटलं, मला नकोच हे, मी राजीनामा देते. त्या म्हणाल्या, "आत्या गेल्यावर तुम्ही काही केलंत का?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की लोकर कातरून विकली, भागूचा पगार दिला, मेंढरांना लस टोचली. त्या म्हणाल्या, "मग झालं. तुम्ही काम स्वीकारलंत. आता सहजासहजी सुटका नाही." म्हणजे हात लावला म्हणून अडकले! मेंढरं तशीच मरू दिली असती, तर मोकळी झाले असते. असला कायदा कुठं असतो का, दादा?

मी घरी येऊन दोन दिवस नुसती शिलाई मशीन चालवत बसले. तिसऱ्या दिवशी प्राची आली. ही पोर ओतूरला नर्सिंगचं शिकत होती, दुसऱ्या वर्षाला संपतनं बंद केलं. आत्याला रोज दोन वेळा इन्शुलिन तीच टोचायची. मला वाटलं, ठेवीचं विचारायला आली. ती उंबऱ्यापाशीच बसली. म्हणाली, "ताई, त्यांनी मला सही मागितलीय, ठेव नको म्हणून. घरात रोज भांडण नको, मी देईन बी. पैशाचं ऱ्हाऊ द्या. पण कागदावरनं माझं नाव काढू नका." मी विचारलं, नावाचं काय गं एवढं? तर म्हणाली, "सातबारा त्यांचा, गाडी त्यांची, रेशनकार्डावर मी खाली. माझ्या एकटीच्या नावाचा त्या घरातला ह्यो पयलाच कागद हाय."

मी तिला चहा दिला (या वेळी नीट गाळून). मग म्हटलं, सही करायची नाही. कुणी विचारलं तर सांग, मॅनेजरनं परवानगी दिली नाही. शब्द तोंडातून गेला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पुढं जे झालं त्याचा धक्का मलाच नाही, संपतलाही बसला. प्राचीनं आईला फोन करून सगळं सांगितलं. आपल्या मुलीच्या नावावर ठेव आहे आणि जावई ती हिसकायला बघतोय, हे कळल्यावर तिचा बाप स्वतःच्या टेंपोत मेंढरं घालून डिंगोऱ्यात हजर! देवळासमोर टेंपो उभा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पावणं, ही तुमची चोरीची मेंढरं घ्या. आणि आमच्या पोरीकडनं सही घ्यायची आसंल, तर आधी माझ्याकडं या." संपतनं त्या दिवशी मोटारसायकल ढकलत घरी नेली, चालू केली नाही. मेंढरं मात्र दहाच उतरली. अकराव्याचं विचारल्यावर पाव्हणे खाली बघत म्हणाले, "जत्रा व्हती ना." वकीलबाई आता यादीत ते मेंढरू कसं लिहायचं या विचारात आहेत. भागूला त्याचं नाव विचारलं, तर तो डोळे पुसायला लागला.

वहिनीला नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. तब्येत जप. या महिन्यात तरी जपच, कारण खाली लिहिलंय.

तुझी,
नंदा

ता. क. : मृत्युपत्राच्या शेवटच्या पानावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत. एक ओतूरचे सोपान दुकानदार, ते गेल्या दिवाळीत वारले. दुसरी सही बाळासाहेब, मुक्काम शिनोली. दादा, तुझं अक्षर मी आंधळी झाले तरी ओळखीन. दोन वर्षं तुला माहीत होतं आणि तू माझ्याकडं येऊन भाकरी खाऊन गेलास! आत्यानं सांगू नको म्हटलं असेल, ते तुमचं तुम्ही बघा. पण आत्या शुद्धीत होती, तिनं तुझ्यासमोर अंगठा दिला, हे सांगणारा आता जगात तू एकटाच आहेस. येत्या अठरा तारखेला सकाळी साडेदहाला कोर्टात ये. आधार कार्ड आण. मीटिंग असली तर रद्द कर.

ता. क. दुसरा : एसटीची वाट बघू नकोस. तुला न्यायला संपत भाड्याची गाडी घेऊन येणार आहे. त्यानं आपणहून सांगितलं (साक्षीदार आपल्या गाडीत बसला म्हणजे आपला झाला, असं त्याला वाटतंय) आणि मी लगेच हो म्हटलं. कोर्टात काय बोलायचं ते तो वाटेत तुला शिकवील. मान डोलाव, चहा पाजला तर पी, आणि कोर्टात मात्र आत्यानं अंगठा दिला त्या दिवशी खरं काय झालं होतं तेच सांग. मागच्या सीटवर प्राची असेल. तिला खिडकीपाशी बसू दे, तिला गाडी लागते.