गल्ली यांना घरी आणते

दादा,

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे?

तिकडे येऊन राहा म्हणतोस. पण यांनी चाळीस वर्षं इथल्या नाटकांचे पडदे रंगवले. आता काही आठवत नसलं तरी सकाळी चपला घालून निघतातच. इथे सगळं चालत गाठता येतं आणि प्रत्येक दुकानातलं माणूस ओळखीचं. कधी पुस्तकं बांधणारे, कधी व्हायोलिनवाले यांना हात धरून घरी आणतात, वर दोन घटका बसून हसवतात. तुझ्याकडच्या हमरस्त्यावर कोण आणणार? म्हणून मी हलत नाही.

काल मात्र दुपारभर सापडले नाहीत. मी अनवाणी धावत सुटले. शेवटी कुंभारणीच्या दुकानात मातीने माखलेले हात घेऊन बसलेले दिसले. मला बघून तिला हळूच म्हणाले, "या बाई रडताहेत. वाट चुकल्या असतील. त्यांना घरी सोडून ये."

तिने आम्हा दोघांनाही आणून सोडलं.

दादा, मला एकटीला आता झेपत नाही. सवडीने नको, लगेच ये.

तुझी धाकटी