त्रिशूळ, पेंग्विन आणि बाजारपेठेतले दुकान

मी, रुद्रप्पा वीरभद्रप्पा शेटे, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी भुसाराची आडत व आता संगणक केंद्र, राहणार सिरसाळा, तालुका परळी वैजनाथ, जिल्हा बीड, आज पोटभर भाकरी खाऊन, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दबाव आणणारी दोनच माणसे माझ्या घरात आहेत. ती एकमेकांशी बोलत नसल्यामुळे त्यांचा एकत्रित दबाव येत नाही.

हे मृत्युपत्र हाताने लिहिले आहे. आमच्या घरात एवढी यंत्रे असताना म्हाताऱ्याने बोरू का घासला, असे कोणी विचारील. छापायचे म्हटले तर कोणाच्या मशीनवर छापायचे, यावरून मी जिवंत असतानाच वाटणी झाली असती.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी माझी छाती तपासून 'जिना चढू नका' असे सांगितले. आमच्या घराला जिनाच नाही. तरी त्यांनी ज्या आवाजात सांगितले, त्यावरून मी समजलो आणि कागद विकत आणला.

कलम पहिले. माझ्या पश्चात मला आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवूनच माती द्यावी. सारा जन्म गादीवर बसून धंदा केला, पुढेही बसूनच बरे वाटेल. त्या वेळी अर्जुनरावांना भाषण करू देऊ नये. कारण पुढे येईल.

कलम दुसरे. राहते घर, मागचा गोठा आणि अंगणातले लिंबाचे झाड माझी पत्नी सौ. जगदेवी हिला द्यावे. तिच्या हयातीत घराची वाटणी कोणी काढू नये. तिने चूल ठेवावी की गॅस, यावर तिला सल्ला देऊ नये. सल्ला देण्याची माझी खोड मी कोणाच्या नावे करत नाही, ती दोन्ही लेकरांकडे केव्हाच गेलेली आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही जगदेवीनेच करावी, कारण तिच्यापुढे दोघेही आवाज चढवत नाहीत.

कलम तिसरे. आडतीचा मोठा तराजू दुकानाच्या भिंतीवरून कोणी काढू नये. त्याचे कारण नव्या पिढीला कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

देशाची दारे उघडली आणि बाहेरच्या कंपन्या आत आल्या, तेव्हा आमची आडत बसली आणि मी त्याच दुकानात संगणक मांडले. संगणकाला एक सिस्टीम लागते. तिच्यावाचून तो नुसता पत्र्याचा डबा. सगळीकडे चालते तशी आमच्या डब्यांतही विकतची सिस्टीम फुकट उतरवलेली होती. मला वाटायचे ती मशीनसोबतच येते, पोत्यासोबत सुतळी येते तशी. एक दिवस माझी कन्या शिवांजली, जी तिथे पोरांना शिकवते, ती म्हणाली, "आप्पा, ही चोरीची हाय."

मी तराजूकडे पाहिले. ज्या दुकानात मापाला कधी बोट लावले नाही, त्या दुकानात चोरीचा माल! मी दोन्ही लेकरांना समोर बसवून विचारले, "फुकट असंल आन् हक्काचीबी असंल, अशी सिस्टीम हाय का जगात?" दोघांनी एकदमच "हाय" म्हटले. त्यानंतर त्यांचे एकमत झाल्याचे मला आठवत नाही.

कारण हक्काची फुकट सिस्टीम एक नव्हती. शिवांजलीने परळी स्टेशनवरच्या स्टॉलवरून एक मासिक आणले होते, त्याच्यासोबत लिनक्सची सीडी आली होती. वर पेंग्विनचे चित्र. थोरला मुलगा सिद्धाराम औरंगाबादेत इंजिनिअर झालेला, त्याने होस्टेलातल्या मित्राकडून फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या सिस्टीमची सीडी आणली. तिच्यावर लाल रंगाचे हसरे पोर, डोक्याला दोन शिंगे आणि हातात त्रिशूळ.

जगदेवीने पेंग्विन पाहिला आणि म्हणाली, "हे बदक कशाला आणलं घरात?" मग दुसरी सीडी पाहिली आणि दोन्ही हात जोडले. "माय! त्रिशूळ हाय की हातात. वैजनाथाचा गण दिसतोय."

"त्याला शिंगं हायत, आई," शिवांजली म्हणाली.

"असनात का. नंदीच्या घरचं लेकरू हाय."

मी व्यापारी माणूस. चित्र पाहून माल घेत नाही. मी विचारले, दोहोंत फरक काय? सिद्धाराम जे बोलला त्यातले बरेचसे डोक्यावरून गेले, शिवांजली जे बोलली तेही त्याच वाटेने गेले. शेवटी एक गोष्ट मात्र पक्की कळली आणि पुढचे सारे भांडण तिच्यातूनच उगवलेले असल्याने ती इथे नोंदवतो.

सिद्धाराम म्हणाला, "माझ्यावालीला अट न्हाई, आप्पा. घ्या, बदला, विका, न्हाईतर कुलपात घाला. ज्यानं दिलं त्यानं सोडलं. दिल्यावर मागं वळून कशापायी बघायचं?"

शिवांजली म्हणाली, "माझ्यावालीला एकच अट हाय. घ्या, बदला, पर पुढं देताना तुमाला जशी मोकळी मिळाली तशीच मोकळी द्या. आपुन आत गेलो आन् मागच्याच्या तोंडावर दार लावलं, असं चालत न्हाई."

जगदेवी ताक घुसळत होती. ती तिथूनच म्हणाली, "म्हंजी इरजणावानी. इरजण दिलं तर परत कोण मागतंय? पर उद्या शेजारीण वाटी घिऊन दारात आली, तर न्हाई म्हणता येतंय का?"

दोघांनाही वाटले, आईने आपलीच बाजू घेतली.

कलम चौथे. उद्घाटनाची रुपेरी कात्री मी अर्जुनरावांना देतो. आता तिचीही हकिकत.

मी असा निवाडा केला की थोरल्याची सीडी आधी चालवून पाहावी, दसऱ्याला केंद्राचे नव्याने उद्घाटन त्रिशूळवाल्यावर व्हावे. आदल्या दिवशी, दोन हजार दोन सालच्या खंडेनवमीला, आम्ही सालाबादप्रमाणे हत्यारांची पूजा मांडली. तराजू, मापे, टाइपरायटर, संगणक आणि मध्ये पाटावर सिद्धारामाची सीडी. पूजेला बसली जगदेवी. आता देव ठेवायचा तो तोंड वर करून. सीडीचे तोंड कोणते? तिच्या हिशेबाने चकचकीत असते ते. तिने सीडी उलटी करून चकचकीत बाजूवर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले, वर कुंकू लावले, वर ओले फूल.

सिद्धाराम बाहेरून आला आणि जागीच थिजला. "आई, त्याच बाजूला सगळं लिवलेलं असतंय!"

जगदेवीला लई वाईट वाटले. ती म्हणाली, "थांब, चिंचेनं निघंल." आणि पूजेची भांडी घासावीत तशी तिने ती सीडी चिंच आणि राख लावून घासली. आणून दिली तेव्हा ती पहिल्यापेक्षा जास्त चकाकत होती. मशीनने मात्र तिला ओळख दिली नाही. दुसरी प्रत मागवायला औरंगाबाद गाठावे लागले असते, आणि दसरा उद्यावर. रात्रीतून लिनक्स चढवली. पेंग्विन जिंकला, कारण त्याची कोणी पूजा केली नव्हती.

सिद्धारामाचे म्हणणे, शिवांजली शेजारीच बसली होती, तिने आईचा हात धरायला पाहिजे होता. शिवांजलीचे म्हणणे, "आई डोळे मिटून नाव घ्यायली होती. देवाला लागलेली विभूती म्या कशी पुसू?" मला दोघांचेही पटते, म्हणून दोघेही माझ्यावर नाराज आहेत.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव आले. पुढारी माणूस, त्यांनी कात्रीने फीत कापली, शेतकऱ्याच्या पोरांनी जगाशी कशी टक्कर द्यावी यावर भाषण ठोकले आणि मग मोठ्या रुबाबात बटण दाबले. ते नेमके बंद करायचे होते. पडदा काळा झाला. तेवढ्यात मागून सिद्धारामाचा आवाज आला, "मेलं बदक!" लोक खो खो हसले. शिवांजलीने त्या दिवसापासून भावाशी बोलणे सोडले. अर्जुनराव अजून सांगतात की सिस्टीमच कच्ची होती. कात्री त्यांनी जपून वापरावी, तिला बटण नाही हे लक्षात ठेवावे.

कलम पाचवे. ती घासलेली सीडी देवघरात आहे. जगदेवी रोज तिला फूल वाहते. ती तिथेच राहावी. आमच्या घरात जिच्याबद्दल आता कोणी भांडत नाही अशी ती एकच सीडी आहे.

कलम सहावे. चुलत बंधू आप्पाराव यांस माझी काळी छत्री द्यावी. ते मला दर बाजाराला भेटून सांगतात, "रुद्रप्पा, लेक म्हंजी परक्याचं धन. दुकान पोराच्या नावं कर अन् मोकळा हो." छत्रीखाली एकच माणूस मावतो. त्यांनी तिच्याखाली उभे राहून स्वतःलाच सल्ला द्यावा.

शिवांजली लग्न करो, न करो, नेकनूरला करो की उमापूरला, त्याचा या कागदाशी संबंध नाही. परवा बघायला आलेल्या पाहुण्यांनी तिला विचारले, "लग्नानंतर हे केंद्र सोडशील ना?" तिने नवऱ्या मुलाला उलट विचारले, "तुमी काय सोडणार?" पाहुणे पोहे अर्धे टाकून गेले. ते पोहे मी खाल्ले. चांगले झाले होते.

कलम सातवे, आणि मुख्य. उद्घाटनानंतर सिद्धारामाने रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, स्वतःचे केंद्र काढले. पाटीवर त्रिशूळ आणि खाली 'येथे कोणतीही अट नाही'. मग शिवांजलीने पाटी लावली, 'येथे दार सर्वांना उघडे'. दोन्ही पाट्या खऱ्या आहेत आणि दोन्ही दुकानांत माश्या आहेत, कारण शिकायला येणाऱ्या पोरांचे आईबाप म्हणतात, आधी यांच्या घरात ठरू द्या. मधल्या रस्त्याने निरोप मी नेतो. "आप्पा, त्याला म्हणाव मॉडेम दे." "आप्पा, तिला म्हणाव इन्व्हर्टर दे." परळीची वीज दिल्लीपर्यंत जाते म्हणतात, आमच्यापर्यंत येताना दमते, म्हणून इन्व्हर्टरसाठी माझ्या जास्त फेऱ्या होतात. डॉक्टरांना जिना वाटला. माझ्या छातीत दुखते ते या रस्त्याने.

तेव्हा बाजारपेठेतले दुकान, जे माझ्या स्वकष्टाचे असून ज्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, ते आतल्या सर्व मशीनांसह, मॉडेम व इन्व्हर्टरसह, मी माझी कन्या शिवांजली हिला संपूर्ण मालकीने देतो. कोणतीही अट नाही. तिने चालवावे, विकावे किंवा कुलूप लावावे. दिले म्हणजे सोडले. मी मागे वळून बघणार नाही, तशी सोयही नसेल.

सिद्धारामाने यावर हरकत घेऊ नये. ही त्याचीच रीत आहे. बिनअटीचे देणे हेच खरे देणे, असे त्याने मला इतक्या वेळा समजावले की शेवटी मला पटले.

शिवांजलीनेही हुरळून जाऊ नये. तिची रीत अशी की जे मोकळे मिळाले ते पुढच्याला मोकळेच द्यावे लागते, मागच्याच्या तोंडावर दार लावता येत नाही. म्हणून सिद्धाराम दारात आला आणि त्याने दुकानात वाटा मागितला, तर तिला अर्धा द्यावा लागेल. कायद्याने नव्हे, मी अट घातलेली नाही. तिच्याच तोंडच्या शब्दाने.

मात्र त्याने मागितले पाहिजे. रस्ता ओलांडून यावे, बहिणीच्या समोर उभे राहावे आणि तोंडाने मागावे. निरोप चालणार नाही. निरोप नेणारा माणूस तोवर मातीत बसलेला असेल.

मला मरणाचे भय नाही. माझी दोन लेकरे समोरासमोरच्या दुकानांत बसून, एकमेकांकडे न बघता म्हातारी होतील, याचे भय आहे. त्रिशूळ मोठा की पेंग्विन, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही मी चालवून पाहिले, दोन्हींवर पत्ते खेळता येतात. अर्ध्या अर्ध्या मशीनांवर दोन्ही चढवा आणि पोरांना निवडू द्या, एवढे मला कधीचे सांगायचे आहे. पण ते दोघांना एकत्र बसवून सांगायचे होते, आणि ते दोघे एकत्र बसत नाहीत.

कलम आठवे. मृत्युपत्र पाकिटात घालून वर लाख लावायची रीत आहे. मी हे उघडे ठेवतो. याची एक नक्कल दुकानात तराजूशेजारी चिकटवली आहे. ज्याला वाचायचे त्याने वाचावे, नकलून न्यावे, चूक दिसली तर दाखवावी. उघड्यावर ठेवलेल्या गोष्टीतल्या चुका लवकर सापडतात, असे माझी दोन्ही लेकरे वेगवेगळ्या खोलीत बसून सांगतात. माझ्या सहीखाली कोणी काही लिहिल्यास कायदा ते मानणार नाही. जागा मात्र सोडली आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही करत आहे.

रुद्रप्पा वीरभद्रप्पा शेटे
(सही)

आम्हा दोघांसमोर रुद्रप्पांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. सुंदरराव बाबाराव कदम, शेती, सिरसाळा (सही). साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे यांना सही झाल्यावर सांगितले.
२. अंगद शिंपी, सिरसाळा (सही)

ठिकाण: सिरसाळा
दिनांक: २२ जानेवारी २००४

(भिंतीवरच्या नकलेवर, सहीखाली, निळ्या शाईत)
शिवे, तू जेवायला गेलीस तवा लिवतोय. म्या वाटा मागायलो. आप्पाला सांग, मागितला म्हणून. — सिद्धाराम

(त्याखाली, लाल पेनने)
लिवून चालत न्हाई, वर वाच. म्या असताना रस्ता वलांडून ये अन् तोंडानं माग. चहा ठेवलाय. — शिवांजली