हरकत असल्यास

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

वाचलं नाव! चर्चमध्ये उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी चष्मा लावला – "राकेश साळवे, विश्रांतवाडी, आणि प्रियदर्शनी कदम, लोणी काळभोर, यांचा विवाह ठरला आहे. कोणाची हरकत असल्यास कळवावे. ही पहिली सूचना." असं तीन रविवार वाचायचं. मग लग्न.

कोणाची हरकत नव्हती. आईने डोळे पुसले. मला काहीच वाटलं नाही. राकेश साळवे म्हणजे दुसराच कोणी असल्यासारखं.

शुभंकर क्वायरमध्ये होता. सहा वर्षं आम्ही एकमेकांचे आहोत, आणि शेवटचं गीत त्याने अगदी सुरात म्हटलं. पार्किंगमध्ये म्हणाला, "पुढच्या रविवारी हरकत घ्यायला मी उठू का?"

मी म्हटलं, "नको."

"बरं," म्हणाला. गाडी काढली आणि गेला.

सोमवार, ३ नोव्हेंबर

लॅबमध्ये गेलो. लोकांचं रक्त तपासलं. जेवलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांना माझं सगळं माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. तेव्हा डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली होती त्यांनी. आज पाळकबाईंनी चहा-खारी आणली.

"साहेब, ते गेलेलं नाही."

"लग्न झालं की जाईल."

"आणि नाही गेलं तर?"

खारी चहात धरून बसले. तुटून आत पडली. मग म्हणाले, "बाळा, तुझ्यावर माझी माया आहे. पण शास्त्रात लिहिलेलं मी कसं खोडू?"

"मग हरकत तुम्हीच घ्या ना!"

"विश्वासाने सांगितलेलं मी बाहेर बोलत नाही."

वा! म्हणजे गुपितही शाबूत आणि लग्नही. माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत. फाटकापर्यंत सोडायला आले. "सलाम. सांभाळून जा."

रविवार, ९ नोव्हेंबर

दुसरी सूचना. कोणाची हरकत नाही. शुभंकर आला नव्हता.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सुटाचं माप द्यायला आईने नेलं. शिंपी म्हणाला, "हात वर करा." केले. खाली घ्या म्हणायला तो विसरला. मी तसाच उभा!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

प्रियदर्शनीचा फोन. हॉस्पिटलमधून, ड्युटी संपवून.

"एक विचारू? खरं सांगाल?"

वाटलं, कळलं हिला. सुटलो – खरंच असं वाटलं.

तर म्हणते, "मी सावळी आहे म्हणून तुम्ही बोलत नाही का? मावशी तसंच म्हणती."

मी नाही नाही म्हणत राहिलो. "मग ठीक आहे," म्हणाली आणि हसली. उगाच, मला बरं वाटावं म्हणून.

फोन ठेवला आणि लाज वाटली. इतक्या दिवसांत काहीतरी वाटलं, ते हे. तिने कोणाचं काय बिघडवलंय? जन्मभर आरशात बघून कारण शोधत बसेल, आणि कारण शेजारी घोरत पडलेलं असेल.

रविवार, १६ नोव्हेंबर

सकाळी प्रियदर्शनीला फोनवर सगळं सांगितलं. मग म्हणाली, "हे तुमच्या चर्चमध्ये, सगळ्या मंडळीसमोर सांगा. नाहीतर लोक माझ्यातच खोट काढतील."

पाळकसाहेबांनी तिसरी सूचना वाचली.

"माझी हरकत आहे," म्हटलं, आणि उभा राहिलो.