वर्षातलं दुसरं विमान

ता. ३ ऑक्टोबर

चि. ताईस अ. आ.

फोनवर हे बोलता येत नाही. खोली एकच, आणि बारक्याचे कान तिखट. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, तुझ्या या भावाचं लिव्हर आता साथ देणार नाही. नवं वर्ष तो बघेल असं त्यांना वाटत नाही. त्याला मी यातलं काही सांगितलेलं नाही. गोळ्या कडू लागतात म्हणून माझ्यावर चिडतो, म्हणजे बरं व्हायची आशा आहे त्याला. तू ये गं.

तुझी वाट बघणारी,
आई

ता. १२ ऑक्टोबर

ती. आईस शि. सा. न.

पत्र वाचल्यापासून कामात हात चालत नाही. आजच निघाले असते. पण या देशातला विमानकर तुला ठाऊक आहे: वर्षातल्या पहिल्या प्रवासाला नाममात्र, दुसऱ्याला जबर. विमानांचा धूर कमी व्हावा म्हणून याच नियमासाठी मी दारोदार सह्या मागत फिरले. बाबांसाठी आले तो यंदाचा पहिला. पैशाचं मी बघेन. भीती वेगळीच आहे. मी वर्षातून दुसऱ्यांदा विमानात बसणार नाही, हे बारक्याला पक्कं ठाऊक आहे. 'करवाली बाई' म्हणून तोच तर चिडवतो. मागच्या खेपेला मी दारात उभी राहिले आणि चार दिवसांत बाबा गेले. आता मला दारात पाहिलं की त्याला सगळं कळेल. आई, काय करू?

तुझीच,
ताई

ता. २१ ऑक्टोबर

चि. ताईस अ. आ.

तुझ्या त्या कराबद्दल मिळेल तो कागद मी वाचला आहे. तो चुकीचा नाही. धावपट्टीच्या कडेला राहून तुझ्या बाबांच्या छातीचं काय झालं ते मी पाहिलंय. दोरीवरचे कपडे अजून काळे होतात. तरी परवा तुझं पत्र वाचून त्या कराला मी नाही नाही ते बोलले.

काल बारक्याला म्हटलं, ताई जानेवारीत येतेय, तेव्हा कर नाममात्र. भिंतीकडे तोंड करून पडला होता. तसाच म्हणाला, "तिला लिही, मोठा कर भर आणि आत्ताच ये."

मी चहा गाळत होते, तशीच गाळत राहिले. कप भरून सांडला तरी.

आता कुणापासून काय लपवायचं? नीघ. लोभ आहेच, तो इथे येऊन घे.

आई